मास्तरीणबाईंची झोप

शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत होती. तीस वर्षांपूर्वी त्या जागेवर पहिल्यांदा बाई आली, तेव्हा मास्तरचं मास्तरीण झालं, एवढंच. शिवणाऱ्या पन्नास, काजं-बटणं करणाऱ्या दहा, पण कापणारी एकटीच. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी साचे ठेवून खडूनं रेघा मारायच्या आणि मग विजेवर चालणारी उभी सुरी त्या रेघांवरून अशी फिरवायची की साठच्या साठ बाह्या एका मापाच्या निघाल्या पाहिजेत. शिवणात चूक झाली तर उसवता येते. कापण्यात झाली तर हात चोळत बसायचं. मास्तरीणबाईंवर ती वेळ कधी आली नव्हती. सुरीच्या आधी बाईंची नजर कापते, असं कारखान्यात म्हणत.

अलीकडे मात्र त्यांना झोप यायची. दुपारी जेवणानंतर सगळ्यांनाच येते तशी नव्हे. बसथांब्यावर उभ्या उभ्या डोळा लागायचा आणि समोरून बस निघून जायची. बहीण फोनवर बोलत असली की इकडून दोन-तीन वेळा ‘हं, हं’ व्हायचं आणि मग नुसतंच घुं घुं ऐकू यायचं. मालकांच्या महिन्याच्या बैठकीत हनुवटी छातीला टेकायची. बायका हसायच्या, मास्तरीणबाई डोळे मिटून मापं घेतात म्हणायच्या. बाईही त्यांच्यात हसून घ्यायच्या, पण सकाळी उठताना डोकं ठणकत असायचं, घसा कापूस कोंबल्यासारखा कोरडा पडलेला असायचा, आणि आठ तास अंथरुणात पडूनसुद्धा रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग मोडून यायचं. छप्पन्न वर्षं झाली, वजन वाढलं, आता हे असंच चालायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मनातून मात्र त्यांचा राग नणंदेवर होता.

घरात दोघीच. नणंद वयानं तीन वर्षांनी लहान, पण लग्न होऊन आल्या दिवसापासून मास्तरीणबाई तिला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणत, आणि ती त्यांना ‘वहिनी’ आणि ‘तू’. तिनं लग्न केलं नाही. टेलिफोनच्या ऑफिसात बोर्डावर बसून इकडची लाइन तिकडे जोडण्यात तिची उमर गेली, तीही बहुतेक रात्रपाळीत. बोलणं मोजून-मापून, जणू प्रत्येक शब्दाचे वेगळे पैसे पडतात. सात वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंचे यजमान गेले आणि त्यानंतर आठवड्याभरात तिनं रात्रपाळी सोडली आणि आपली खाट उचलून वहिनीच्या खोलीत आणली. का, ते सांगितलं नाही. दोन खाटांमध्ये जेमतेम एक पाऊल मावेल एवढी जागा. आणि त्या रात्रीपासून तिनं वहिनीला ढोसायला सुरुवात केली. गाढ झोपेत खांद्यात बोटं रुतायची, मास्तरीणबाई दचकून जाग्या व्हायच्या, कूस बदलायच्या. तास-दोन तासांनी पुन्हा तेच. सकाळी विचारलं तर उत्तर ठरलेलं.

“घोरत होतीस.”

घोरण्याचा इतका त्रास होतो तर बाईनं आपल्या खोलीत जाऊन झोपावं की. पण ती जात नव्हती, आणि ती का जात नाही याचं कारण मास्तरीणबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. यजमान झोपेतच गेले होते. हृदय बंद पडलं, पहाटे कधीतरी. शेजारी मास्तरीणबाई झोपलेल्या होत्या आणि त्यांना काही कळलं नव्हतं. सकाळी चहा घेऊन उठवायला गेल्या तेव्हा कळलं. नणंद रात्रपाळी करून आली ती सरळ भावाच्या उशाशी जाऊन बसली, आणि वहिनीकडे तिनं एकदाच मान वर करून पाहिलं. ती नजर मास्तरीणबाई विसरल्या नव्हत्या. माझा भाऊ जात होता आणि तू झोपली होतीस, असं ती नजर म्हणाली, असं त्यांना वाटलं. आता ही मला सुखानं झोपू देणार नाही, हेच तिनं ठरवलंय. यात भांडण्यासारखंही काही नव्हतं, कारण मास्तरीणबाईंना आत कुठेतरी ते बरोबरच वाटत होतं.

मग तो मंगळवार आला. आकाशी रंगाच्या कापडाचे साठ थर टेबलावर लागले होते. थर लावून पलीकडून कापड हातानं दाबून धरण्याचं काम ज्या बाईचं, तिला तिच्या अंगकाठीमुळे सगळे सुतळी म्हणत. मास्तरीणबाई आणि सुतळी एकाच वर्षी कामाला लागलेल्या, तीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या. सुरी बाहीच्या गोलाईवर आली आणि मास्तरीणबाईंचे डोळे मिटले. डुलकी नव्हेच, पापणी लवायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ. सुरी रेघ सोडून सरळ गेली. सुतळी ओरडली तेव्हा बाईंनी डोळे उघडले आणि बोट खटक्यावरून काढलं. पातं सुतळीच्या पंज्यापासून चार बोटांवर थांबलं होतं. मास्तरीणबाईंच्या डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा होता. सुतळीच्या हातात काही नव्हतं.

सगळे धावत आले. मालक आले, मिस्त्रीला बोलावलं. सुरीनं झटका दिला असणार, पट्टा सैल असणार, असं ज्याला जे सुचलं ते तो बोलला. मिस्त्रीनं मशीन उघडून पाहिली, त्याला काही सापडेना, तरी तोही म्हणाला की जुनी झालीये, देते कधी कधी झटका. सगळ्यांनी मान डोलावली. मास्तरीणबाई नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी भागलं असतं. पण समोर सुतळी आपला पंजा दुसऱ्या हातात धरून उभी होती.

“मशीन ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “मला झोप लागली होती.”

मास्तरीणबाईंनी हातातला मोजा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की हे काय आहे ते कळेपर्यंत मला सुरी देऊ नका. मी मागितली तरी देऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून त्या बटणं निवडायला बसल्या. तीस वर्षं उभं राहून काम केलेलं माणूस खाली मान घालून बटणांचे ढीग करायला लागलं. कोणी टोमणा मारला नाही, पण तेच त्यांना जास्त लागलं. सुतळी जेवायला त्यांच्याशेजारी बसेनाशी झाली. राग नव्हता तिचा, भीती बसली होती.

डॉक्टर तरुण होते, पण घाईतले नव्हते. त्यांनी झोपेचं, डोकेदुखीचं, रात्री लघवीला उठण्याचं, सगळं विचारून घेतलं, गळ्याचा घेर टेपनं मोजला, तोंड उघडायला लावून आत पाहिलं. मग विचारलं, तुमच्या खोलीत आणखी कोण झोपतं. नणंद बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं.

“या घोरतात का?” डॉक्टरांनी विचारलं.

“घोरण्याची मला काळजी नाही,” नणंद म्हणाली. “घोरते तोवर ठीक असतं. घोरणं थांबलं की मी उठून बसते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “थांबलं म्हणजे?”

“श्वासच थांबतो. छाती हलते, पण नाकाशी हात नेला तर वारा लागत नाही. मी मोजते. वीसपर्यंत बहुतेक वेळा आपण होऊन घेते, मोठा आचका देऊन. पंचवीस झाले की मी ढोसते.”

“किती दिवस चाललंय हे?”

“सात वर्षं.”

मास्तरीणबाई आपल्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या, ते बोट पांढरं पडेपर्यंत गुंडाळत राहिल्या. डॉक्टरांनी मग सोप्या शब्दांत समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींचे इतके की हवेची वाटच मिटते, मऊ नळी चिमटीत धरावी तशी. शरीर गुदमरतं, दचकून क्षणभर जागं होतं, वाट उघडते, पुन्हा झोप, पुन्हा तेच. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. त्याला वाटतं, आपण रात्रभर झोपलो. खरं तर तो रात्रभर झगडत असतो.

बाहेर आल्यावर मास्तरीणबाई गेटपर्यंत गेल्या नाहीत. बाकावरच बसल्या. नणंदही बसली.

“मला सांगितलं का नाही, वन्सं?”

“सांगून काय झालं असतं? झोपायला घाबरली असतीस.”

“डॉक्टरकडे आले असते.”

“तेवढं मला कळायला हवं होतं,” नणंद म्हणाली. “हा आजार आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दादा गेल्यापासून तुझा जीव असा अडकतोय. तुझ्यापुढे झोपेचं आणि श्वासाचं नाव कसं काढायचं, ते मला जमेना.”

मास्तरीणबाईंना बोलायचं नव्हतं, पण सात वर्षांचं आत साठलेलं तोंडाशी आलं. तुम्ही मला शिक्षा करताय असं वाटायचं, त्या म्हणाल्या. ते गेले तेव्हा मी झोपले होते म्हणून.

नणंदेनं समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे नजर वळवली. मग म्हणाली, “त्या रात्री मी बोर्डावर होते. गावभरच्या लाइनी जोडत होते. तू निदान त्याच्या शेजारी तरी होतीस.”

मास्तरीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला. दोघींनाही ती सवय नव्हती, त्यामुळे थोड्या वेळानं तो हात कसा सोडवावा हे कोणालाच कळेना, आणि शिपायानं बाक पुसायला उठवलं तेव्हा दोघींची सुटका झाली.

तपासणीसाठी एक रात्र दवाखान्यात झोपावं लागलं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवल्या, आणि अशा अवस्थेत झोप कोणाला लागणार असं म्हणता म्हणता बाईंना ती लागलीसुद्धा. निकाल आला. तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता. डॉक्टरांनी यंत्र दिलं. नाकातोंडावर मुखवटा बांधायचा, यंत्र जोरानं हवा आत ढकलतं आणि त्या जोरानं वाट उघडी राहते. यावर हाच पहिला आणि खात्रीचा उपाय, असं ते म्हणाले.

उपाय खात्रीचा होता, पण मास्तरीणबाईंच्या तो पचनी पडेना. मुखवट्याचे पट्टे गालांत रुतायचे. तोंडावर कोणी उशी दाबलीये असं वाटून जीव घाबरा व्हायचा. चौथ्या दिवशी तो मुखवटा सकाळी खाटेखाली सापडला, डिवचलेल्या सापासारखा फुसफुसत. नणंद म्हणाली की हे नाकापेक्षा मोती जड झालं. तरी ती रोज तो परत बांधून द्यायची, पट्टा सैल कर, घट्ट कर, कापसाची घडी मध्ये घाल, सगळं करून पाहिलं. महिना गेला, दोन गेले. दवाखान्यातून दुसरा, लहान मुखवटा आणला, तोही तसाच. मास्तरीणबाई कारखान्यात विचारणाऱ्याला ‘सवय होतेय’ म्हणायच्या, आणि बटणं निवडता निवडता पेंगायच्या.

शेवटी त्या यंत्र पिशवीत घालून, नाक मुठीत धरून डॉक्टरांसमोर गेल्या. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता; रोज किती वेळ लावलं याची नोंद यंत्रातच होती. रोजची सरासरी पाऊण तास. डॉक्टर रागावले नाहीत. कपाटात ठेवलेला मुखवटा कितीही चांगला असला तरी शून्य कामाचा, एवढंच म्हणाले. मग त्यांनी दुसरी एक गोष्ट सुचवली. दोन बारीक मऊ नळ्या, नाकपुड्यांत जेमतेम टेकतील अशा. तोंडावर काही नाही. त्यातून गरम, दमट हवेचा झोत एकसारखा नाकात जात राहतो. दाब कमी, पण काहींची वाट तेवढ्यानंही उघडी राहते. सगळ्यांची राहत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तुम्हाला लागू पडतं का, ते वायरी लावून एक रात्र पाहावं लागेल. नाही पडलं तर पुन्हा मुखवट्याशीच जुळवून घ्यायचं, दुसरी पळवाट नाही.

त्या रात्रीबद्दल मास्तरीणबाईंना पुढे फार काही सांगता यायचं नाही. हिवाळ्यात चहाच्या कपावर तोंड धरावं आणि वाफ नाकाला लागावी तसं वाटलं, एवढं आठवत होतं. नंतर थेट उजाडलं होतं. डोकं दुखत नव्हतं. कुठे आहोत ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्या पडूनच राहिल्या. इतकं हलकं आपण शेवटचं कधी उठलो होतो, हे त्यांना आठवेना.

अडतीसाचे अकरा झाले होते. मुखवट्यानं याहून कमी झाले असते, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. पण अकरा रोज मिळणार होते. शिवाय कुशीवर झोपायचं आणि वजन उतरवायचं, या अटी होत्याच.

घरी आणल्यावर या यंत्रानंही आपला हिसका दाखवला. थंडीच्या दिवसांत नळीत वाफेचं पाणी साचायचं आणि पहाटे टपकन नाकात गार थेंब पडायचा. मास्तरीणबाई शिंकत उठायच्या. चार दिवस असं झाल्यावर त्यांनी कारखान्यातून लोकरी कापडाचा उरलेला तुकडा मागून आणला, नळीची लांबी-जाडी घेतली आणि तिला शिवली एक अंगरखावजा खोळ, मध्ये पट्टी, टोकाला नाडी. नळी गरम राहिली, थेंब बंद झाले. पुढच्या भेटीला दवाखान्यातल्या तंत्रज्ञानं ती खोळ उलटी-सुलटी करून पाहिली आणि आणखी सहा रुग्णांसाठी शिवून द्याल का, असं विचारलं. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे कागद मागितला आणि तिथल्या तिथे साचा काढला.

तीन महिन्यांनी जागं राहण्याची परीक्षा झाली. हो, अशीही परीक्षा असते. अंधुक खोलीत आरामखुर्चीत बसवतात, ना गप्पा, ना वाचन, चाळीस मिनिटं नुसतं बसायचं आणि झोपायचं नाही, असं दिवसातून चारदा. पूर्वी मास्तरीणबाई त्यात चार मिनिटंही टिकल्या नसत्या. आता त्या चारही वेळा टक्क जाग्या राहिल्या. पुढे म्हणाल्या की जागं राहणं सोपं होतं, कंटाळा आवरणं अवघड.

परीक्षेचा कागद बघून मालकांनी सुरी परत दिली. पहिल्या दिवशी वीसच थर लावायचे ठरलं. मास्तरीणबाईंनी मोजा चढवला, रेघा दोनदा तपासल्या. पलीकडे सुतळीच्या जागी सुतळीच उभी होती, पण हात मागे बांधून. मास्तरीणबाईंनी तिला घाई केली नाही. कापड धरायला लोखंडी पट्टी ठेवते, तुझ्या हाताची गरज नाही, असं सांगितलं, आणि खरंच पट्टी ठेवून पहिला काप घेतला. दुसरा घेतला. गोलाईवर कापड थोडं सरकलं. पट्टीनं गोलाई धरली जात नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

“थांब,” सुतळी म्हणाली. तिनं मालकांकडून दुसरा जाळीचा मोजा मागून घेतला, हातात घातला, बोटं उघडमीट करून पाहिली आणि पंजा कापडावर ठेवला. “आता चालव. आणि माझ्याशी बोलत राहा.”

मास्तरीणबाई दिवसभर बोलत राहिल्या. विषय संपले तेव्हा त्यांनी यंत्राच्या पाण्याची टाकी कशी धुवायची ते सांगितलं, दोनदा.

उन्हाळ्यात नणंदेच्या जुन्या मैत्रिणी, सगळ्या टेलिफोनवाल्या, आठ दिवस डोंगरावर जाणार होत्या. त्या दर वर्षी जात आणि दर वर्षी हिला बोलावत, हे मास्तरीणबाईंना त्याच वेळी कळलं. आजवर हिनं कधी गुडघ्याचं, कधी पोटाचं कारण सांगितलं होतं. या वर्षी तिनं कारण सांगितलं नाही. बॅग मास्तरीणबाईंनी भरली, लोकरी मोज्यांसकट. निघताना नणंदेनं यंत्राची टाकी भरलीये का, ते स्वतः पाहिलं, नळीची नाडी ओढून पाहिली, आणि दार ओढता ओढता म्हणाली की कुशीवर झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. मास्तरीणबाई टेबलापाशी उभ्या होत्या, सुतळी थर लावत होती.

“झोपलीस?” नणंदेनं विचारलं.

“झोपले. तुम्ही?”

पलीकडे नणंद हसली. ती इतकं मोकळं हसते हे मास्तरीणबाईंना ठाऊकच नव्हतं.

“मी आत्ता उठले. रात्री नऊला आडवी झाले ती आत्ता. मैत्रिणींनी दोनदा हलवून पाहिलं म्हणे. नाश्ता संपला, आणि या सगळ्या डॉक्टर आणायला निघाल्या होत्या.”

“मग आता काय करताय?”

“भूक लागलीये,” नणंद म्हणाली. “पण आणखी थोडं पडावं म्हणते.”

“पडा की,” मास्तरीणबाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि खडू उचलला.